माल पोहोचवणाऱ्या चालकाचे काम: भरणीपासून हिशेबापर्यंत

माल पोहोचवण्याच्या गाडीवर चालक म्हणून रुजू होणारा माणूस सहसा असे धरून येतो की गाडी चांगली चालवता आली म्हणजे हे काम जमले. गाडी चांगली चालवता येणे ही येथे फक्त प्रवेशाची अट आहे. दिवस सुरळीत जाणार की रखडणार, हे बहुतेक वेळा इंजिन सुरू होण्यापूर्वीच, हौद्यात माल कसा रचला यावर ठरलेले असते, आणि उरलेले नुकसान गाडी थांबल्यानंतरच्या तीस-चाळीस पावलांत होते. अनेक वर्षे हे काम केल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे, म्हणून या लेखात भरणीला आणि माल सोपवण्याला मी अधिक जागा दिली आहे.

काम घेण्यापूर्वी

सर्वप्रथम आपला परवाना त्या गाडीला लागू आहे का, हे पाहावे. परवान्याचा वर्ग गाडीच्या आकारावरून ठरत नाही, तो बहुतेक ठिकाणी गाडीच्या मालासह कमाल वजनावर ठरतो. अनेक देशांत हलक्या आणि जड गाडीमधली रेघ ३५०० किलोंवर आहे, काही देशांत ती याहून वर आहे. दुसरी गोष्ट विम्याची. खासगी वापरासाठी काढलेला विमा मोबदला घेऊन माल वाहताना झालेल्या अपघाताला सहसा लागू होत नाही, आणि गाडीचा विमा म्हणजे मालाचाही विमा असे नसते. गाडी मालकाची असो वा आपली, दोन्ही कागद स्वतः वाचून मगच चावी हातात घ्यावी. मालक ‘सगळे आहे’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये, कारण रस्त्यावर जबाब चालकाला द्यावा लागतो.

मोबदल्याचा विचार करताना एकच प्रश्न लावून धरावा: दर कशावर आहे? पगार असेल तर तासांची मर्यादा आणि जादा तासांचा दर विचारावा. पार्सलमागे दर असेल, तर न स्वीकारलेल्या पार्सलच्या फेरीचे पैसे मिळतात का, हे लेखी घ्यावे. स्वतःची गाडी लावली असेल, तर हिशेब आणखी काटेकोर हवा. दर माल घेऊन गेलेल्या किलोमीटरला मिळतो, खर्च मात्र प्रत्येक किलोमीटरला होतो. माल टाकून तेवढेच अंतर रिकामे परत यायचे असेल, तर कमाईच्या प्रत्येक किलोमीटरवर जवळजवळ दुप्पट इंधन आणि दुप्पट टायर झिजतो. त्यात देखभाल, विमा आणि गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत धरल्याशिवाय कोणताही दर मान्य करू नये. नवा माणूस नेमकी ही शेवटची बाब सोडतो, आणि तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची वेळ आली की हाती काही उरलेले नसते.

सकाळची तपासणी

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती रोज एकाच क्रमाने केली तरच काही सुटत नाही. मी चालकाच्या दारापासून सुरुवात करून गाडीला पूर्ण फेरी मारतो आणि पुन्हा त्याच दाराशी येतो. टायरमधील हवा टायर थंड असतानाच मोजावी. चालून गरम झालेल्या टायरचा दाब मुळातच वाढलेला असतो. तो जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा होतो आणि भाराखाली त्याच्या कडा तापू लागतात. किती हवा हवी, हे दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी आकडे वेगळे असतात, हे लक्षात ठेवावे. मागे जोडचाके असतील, तर आतल्या टायरची हवा मोजायला हात पोहोचत नाही म्हणून ती टाळली जाते, आणि बाहेरचा टायर सुस्थितीत दिसत असल्याने आतला बसलेला आहे हे कित्येक दिवस कळत नाही. दोन चाकांच्या फटीत दगड अडकला आहे का, हेही तेव्हाच पाहावे. टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की अनेक देशांत ती गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा ठरते. ओल्या रस्त्यावर चालणाऱ्याने त्या रेघेची वाट न पाहता टायर बदललेला बरा.

त्यानंतर दिवे, ब्रेकचे दिवे, आरसे, काचेचे पाणी, इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल. गाडी उभी होती तेथील जमिनीवर नवा डाग दिसतो का, ही एक नजर फार कामाची आहे. मागचे दार बंद केल्यावर हाताने ओढून पाहावे.

वजनाचे गणित आणि मालाची रचना

गाडीच्या कागदावर मालासह कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे सगळा माल भरता येईल असे नाही. चालक, मदतनीस, ट्रॉली, दोऱ्या-पट्टे आणि रिकाम्या वजनात धरले नसेल तर इंधनही त्यातच मोजायचे असते. समजा कमाल वजन ३५०० किलो, रिकामी गाडी २२०० किलो आणि माणसे-साहित्य मिळून २०० किलो, तर मालासाठी ११०० किलो उरतात. वीस किलोंची पंचावन्न खोकी आत गेली की मर्यादा संपली, मग हौदा अर्धा रिकामा का दिसेना. जागा शिल्लक आहे म्हणून आणखी माल चढवण्याचा आग्रह गोदामावर नेहमी होतो. तेथे आवाज न चढवता कागदावरील आकडा दाखवावा आणि ठाम राहावे, कारण जास्त भाराने ब्रेक आणि टायर त्यांच्या मर्यादेबाहेर जातात आणि अपघात झाल्यास विमा कंपनी सर्वांत आधी वजनाची पावती मागते.

एकूण वजन बरोबर असूनही रचना चुकीची असू शकते. जड माल खाली आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या भागात, चालकाच्या मागच्या भिंतीच्या बाजूला असावा. मागच्या चाकांच्याही मागे भार टाकला की गाडीचे नाक उचलल्यासारखे होते, पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि सुकाणू हलके लागते. नव्या चालकाला हे हलकेपण आवडते. ओल्या वळणावर गाडी सरळ निघाली की त्याचा अर्थ कळतो. डाव्या-उजव्या बाजूंचा भारही सारखा हवा.

आता खरी अडचण येते. जो माल शेवटी उतरायचा तो आधी आत जावा, आणि जो प्रथम उतरायचा तो दाराशी असावा, हा भरणीचा पहिला नियम. पण पहिल्याच थांब्यावर सर्वांत जड नग उतरायचा असेल, तर हा नियम आणि वजनाचा नियम एकमेकांच्या आड येतात. अशा वेळी बाजूचे दार असलेल्या गाडीत जड नग पुढे ठेवून तेथूनच काढावा. तशी सोय नसेल तर थांब्यांचा क्रम बदलता येतो का पाहावे. क्रम बदलणे शक्य नसेल, तर तो नग दाराशी, पण अगदी खाली, मागच्या चाकांच्या शक्य तितका जवळ ठेवून उरलेला भार पुढे आणावा. वजनाशी तडजोड करण्यापेक्षा पाच मिनिटे जास्त गेलेली चालतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक खोक्यावर थांब्याचा क्रमांक जाड पेनने, दाराकडे येणाऱ्या बाजूवर, मोठ्या अक्षरात लिहावा. पत्त्याच्या चिठ्ठीवरची बारीक अक्षरे हौद्यातल्या अंधुक उजेडात वाचत बसण्यात प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटे जातात. साठ थांबे असतील तर दिवसातले दोन तास केवळ शोधण्यात गेले. लहान पार्सले क्रमाने पिशव्यांत किंवा क्रेटमध्ये लावावीत आणि आज परत येणाऱ्या मालासाठी एक कोपरा सकाळीच मोकळा ठेवावा.

माल बांधताना तो स्वतःच्या वजनाने जागेवर राहील असे समजू नये. रस्त्यावरील मालासाठी वापरल्या जाणाऱ्या युरोपीय मानकात साधा हिशेब आहे: जोरात ब्रेक लागल्यावर माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूला किंवा मागे सरकू नये म्हणून ०.५ पट जोर अडवता आला पाहिजे. म्हणजे २०० किलोंचे यंत्र असेल, तर पुढे जाताना ते १६० किलोंच्या जोराने ढकलते. त्याला चालकाच्या मागील भिंतीला टेकवून ठेवले तर हा जोर भिंत घेते. मधे हातभर फट ठेवली, तर तेवढ्या अंतरात ते वेग घेऊन आदळते. पट्टा कडेवर घासत असेल तर तेथे पुठ्ठ्याची किंवा रबराची पट्टी घालावी. पहिल्या काही किलोमीटरनंतर गाडी थांबवून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि सकाळी घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अर्ध्या रिकाम्या गाडीकडे. सकाळी दाटीने बसलेली खोकी एकमेकांना धरून असतात. दहा-पंधरा थांबे झाले की मधे खिंडार पडते. एकदा दुपारी सिग्नलला साधाच ब्रेक लावला आणि मागून खोके घसरत येऊन भिंतीला आपटल्याचा धप्प असा आवाज आला. आत काचेचे सामान होते. त्यानंतर मी दिवसाच्या मध्यावर एकदा गाडी सपाट जागी उभी करून उरलेला माल पुन्हा जुळवून घेतो. त्याच वेळी पुढच्या थांब्यांचा माल दाराशी येतो, म्हणून हा वेळ वाया जात नाही.

काही माल वेगळी काळजी मागतो. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवायचा असतो, आणि गाडीतील यंत्र आतली थंडी टिकवण्यासाठी असते, गरम झालेला माल पुन्हा थंड करण्यासाठी नव्हे. म्हणून भरण्यापूर्वी हौदा थंड करून घ्यावा, मालाचे तापमान मोजून लिहावे आणि दार उघडे टाकून कागदपत्रे करत बसू नये. लिथियम-आयन बॅटरीच्या खोक्यांवर सहसा लाल पट्ट्यांची चौकट आणि यूएन ३४८० किंवा ३४८१ असे धोकादायक मालाचे क्रमांक असतात. असे खोके फुगलेले, चेपलेले किंवा गरम लागले, तर ते गाडीत घेऊच नये.

मार्ग आखताना

दहा थांबे किती वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतात? ३६,२८,८०० क्रमांनी. पंधरा थांबे झाले की हा आकडा एक लाख तीस हजार कोटींवर जातो. त्यामुळे क्रम लावण्यासाठी मोबाइलवरील नकाशाची मदत जरूर घ्यावी, पण त्याला काय ठाऊक नसते हेही जाणावे. साध्या नकाशाला गाडीची उंची, पुलाची वजनमर्यादा, अरुंद गल्लीत वळायला लागणारी जागा आणि अमुक दुकानात सकाळी अकरानंतर माल घेत नाहीत, हे माहीत नसते. म्हणून आधी वेळेची अट असलेले थांबे पक्के करावेत आणि बाकीचे त्यांच्याभोवती बसवावेत. समोरून येणारी वाहतूक ओलांडून घ्यावी लागणारी वळणे शक्यतो कमी करावीत. थोडे अंतर वाढले तरी थांबून राहण्याचा वेळ आणि धोका, दोन्ही वाचतात.

एक छोटी वही मात्र कायम ठेवावी. तीत प्रत्येक पत्त्यासमोर माल कोणत्या फाटकातून आत जातो, गाडी कोठे उभी राहते, पायऱ्या किती, लिफ्ट आहे का आणि माल घेणारी व्यक्ती कधी भेटते, एवढे लिहावे. सहा महिन्यांत ही वही कोणत्याही नकाशापेक्षा मोलाची होते.

गाडीची उंची आकड्यात लिहून चालकासमोर चिकटवावी आणि ती रिकाम्या गाडीची असावी. भाराखाली दबलेले स्प्रिंगचे पाटे माल उतरल्यावर वर येतात, आणि जाताना ज्या कमानीखालून गाडी जेमतेम गेली, त्याच कमानीला ती परतताना लागू शकते.

रस्त्यावर

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर मागे पडलेले असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. त्यामुळे उशीर झाल्यावर वेग वाढवून तो भरून काढण्याचा प्रयत्न निष्फळच असतो. पाच किलोमीटरच्या टप्प्यात ताशी ५० ऐवजी ६० ने गेल्यास एकच मिनिट वाचते, आणि तेवढे मिनिट खोके शोधण्यात सहज जाते. लांब उतारावर ब्रेक दाबून धरू नये, आधीच खालचा गिअर टाकावा, कारण तापलेले ब्रेक पकड सोडतात.

लहान-मोठी खरचटी मात्र बहुधा रिव्हर्समध्येच होतात. आरशात न दिसणारा कमरेएवढा खांब, लोंबती तार, गाडीमागे आलेले मूल, यांपैकी काहीही आतून दिसत नाही. नियम एकच ठेवावा: मागची जागा पायी जाऊन पाहिल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. कॅमेरा असला तरीही. शक्य असेल तेथे आत शिरतानाच गाडी मागे घेऊन लावावी, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे असते.

झोपेबाबत कोणतीही सूट घेऊ नये. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसले आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७९ साली रस्ता वाहतुकीतील कामाच्या तासांबाबत केलेल्या १५३ क्रमांकाच्या करारात सलग चार तासांहून अधिक चालवू नये, दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक चालवणे होऊ नये आणि चोवीस तासांत सलग दहा तास विश्रांती मिळावी, असे म्हटले आहे. आपल्या देशाचा नियम याहून वेगळा असू शकतो, पण स्वतःसाठी मर्यादा आखताना हे आकडे चांगले आहेत. डोळे जड झाले की काच खाली करणे आणि गाणी मोठ्याने लावणे यांनी काही साधत नाही. सुरक्षित जागी गाडी लावावी, हवी तर कॉफी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम सुरू व्हायलाही तेवढाच वेळ लागतो.

माल सोपवताना

गाडी थांबली की हॅण्डब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, दार कुलूपबंद. दोन मिनिटांचे काम आहे म्हणून दार उघडे ठेवण्याची सवय एक दिवस महागात पडते. केबिनमधून उडी मारू नये. दिवसाला शंभर वेळा मारलेली उडी काही वर्षांत गुडघ्यांतून वसूल होते. तोंड गाडीकडे करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात टेकलेले ठेवून उतरावे.

उचलण्याची मर्यादाही ठरलेली असावी. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वजन शरीराजवळ, पकड चांगली आणि कंबर न वळवता, २३ किलो ही वरची मर्यादा धरली आहे. हौद्याच्या तळातून हात लांब करून ओढताना ती बरीच खाली येते. त्यापुढे ट्रॉली किंवा दुसरा माणूस.

कागदाच्या बाबतीत मी एक किंमत मोजली आहे, ती सांगतो. कामाच्या पहिल्या वर्षी तीन खोकी गोदामातून उचलली. त्यांतल्या एकाचा तळ ओलसर होता, बोटाला पुठ्ठा मऊ लागला होता. घाईत मी पावतीवर काहीच लिहिले नाही आणि सही केली. घेणाऱ्याने खोके उघडले तेव्हा आतला माल भिजलेला होता, आणि पावती स्वच्छ असल्याने तो माझ्या गाडीत भिजला असे ठरून रक्कम माझ्या पगारातून कापली गेली. माल उचलतानाची पावती ही चालकाची साक्ष आहे. देशांतर्गत नियम निरनिराळे असले तरी तत्त्व बहुधा हेच असते. रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीसाठी १९५६ साली जिनिव्हात झालेल्या करारातही, वाहतूकदाराने पावतीवर शेरा दिला नसेल, तर माल बाहेरून सुस्थितीत मिळाला असे गृहीत धरले जाते. म्हणून नग मोजावेत, सील पाहावे, चेपलेले किंवा ओले खोके असेल तर देणाऱ्यासमोर शेरा लिहून त्याची सही घ्यावी आणि फोटो काढावा. आतला माल पाहता आला नसेल, तर ‘आतील माल तपासलेला नाही’ असे स्पष्ट लिहावे.

सोपवताना घेणाऱ्याचे नाव विचारूनच सही किंवा ओटीपी घ्यावा आणि नग त्याच्यासमोर मोजावेत. कोणी भेटले नाही तर फोन करावा, वेळ नोंदवावी, दाराचा क्रमांक दिसेल असा फोटो घ्यावा आणि माल परतीच्या कोपऱ्यात ठेवावा. शेजाऱ्याकडे ठेवा असा तोंडी निरोप आला, तर तो लेखी संदेशाने मागून घ्यावा. घेणारा चिडलेला असेल तर त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, आपल्या हातातले तेवढेच सांगावे आणि पाळता न येणाऱ्या वेळेचे वचन देऊ नये.

परतल्यावर

गोदामात आल्यावर परत आणलेला माल यादीशी ताडून द्यावा आणि त्याची पावती घ्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी हरवलेल्या नगाचा प्रश्न पुन्हा आपल्याकडे येतो. रोख रक्कम गोळा केली असेल तर ती त्याच दिवशी भरावी. किलोमीटर, इंधन आणि गाडीने दिवसभरात दाखवलेली प्रत्येक खोड, मग तो ब्रेक दाबताना येणारा बारीक आवाज का असेना, नोंदवहीत लिहून मालकाची किंवा देखभाल पाहणाऱ्याची सही घ्यावी. मग हौदा झाडावा, पट्टे गुंडाळून जागेवर टांगावेत आणि उद्याची यादी मिळाली असेल तर त्यातील सर्वांत जड नग कोणत्या थांब्यावर आहे, एवढे पाहून घरी जावे.